ओढ्यापलीकडची लस

घड्यात हात घातला तो शाळेच्या मास्तरांनी, पण गाव अजूनही म्हणतं की चिठ्ठी साहेबानंच काढली. मास्तर पडला घरचा माणूस, त्याला दोष कोण देणार?

साहेब जनावरांच्या खात्याचा होता. चिठ्ठ्या काढायच्या आधी त्यानं सगळं नीट समजावून सांगितलं होतं. शेळ्यांची साथ दर हिवाळ्यात या खोऱ्यात येते, तिच्यावर नवी लस निघाली आहे. यंदा ती निम्म्या गावांना पुरेल एवढीच आहे. मग द्यायची कुणाला? ज्यांची चिठ्ठी निघेल त्यांच्या शेळ्यांना यंदा, बाकीच्यांना पुढच्या वर्षी. मधल्या काळात एक बाई दर महिन्याला येऊन दोन्हीकडच्या शेळ्या बघेल. टोचलेल्या गावांत शेळ्या कमी मेल्या तर लस खरी. मग ती दरसाल सगळ्यांना फुकट. फरक नाही पडला तर सरकार हा खर्च बंद करणार.

“म्हणजे आमच्या मेल्या तरच तुमची लस चांगली ठरायची,” सुतार म्हणाला.

लोक हसले. साहेबही हसला. सुतार बोलला ते काही खोटं नव्हतं.

ओढ्यापलीकडच्या गावाची चिठ्ठी निघाली. अलीकडच्या गावाची निघाली नाही. डोंगरावरच्या वस्तीचीही नाही. पण त्या वस्तीचं बघायला तिथं होतंच कोण? दोन बायका आल्या होत्या, त्या ऐकून घेऊन चढ चढायला लागल्या.

आत्या बायकांत मागं बसली होती. ती या गावची लेक. लग्न झालं तेव्हा नवराच इकडे राहायला आला, त्यामुळं ती कुणाची काकी-वहिनी झालीच नाही, साऱ्या गावाची आत्या झाली. तिच्याहून मोठी माणसंही तिला आत्याच म्हणत. नवऱ्याला गाव पाहुणे म्हणायचं. त्यांचे केस पांढरे झाले, एक गुडघा कायमचा आखडला, लेक लग्न होऊन ओढ्यापलीकडे नांदायला गेली, तरी पाहुणे ते पाहुणेच. ते दिवसभर ओसरीवर दोर वळत बसायचे आणि शेळ्यांमागं आत्या जायची. शेत नव्हतं. दूध, करडं, लेंडीखत, एवढ्यावर घर चालायचं.

गेल्या हिवाळ्यात साथीनं तिचा निम्मा कळप नेला होता. आधी नाक वाहायचं, मग डोळे चिकटायचे, तोंड आतून सोलून निघायचं, आणि शेवटी हगवण लागली की शेळी मान टाकायची. आत्यानं मिठाच्या पाण्यात फडकं बुडवून एकेकीचं तोंड पुसलं होतं. मेलेल्या शेळ्या पोत्यावर घालून तिनं एकटीनंच खड्ड्यापर्यंत ओढत नेल्या; पाहुण्यांच्या गुडघ्याला ते झेपणारं नव्हतं. एकीला ओढताना तिचं करडू मागून येत होतं आणि मेलेल्या आईच्या कासेला तोंड लावत होतं. ते आठवलं की आत्या हातातला घास ताटात परत ठेवायची.

“पुढच्या वर्षी म्हणे,” ती घरी येऊन पाहुण्यांना म्हणाली. “शेळ्यांना कोण सांगणार, पुढच्या वर्षापर्यंत दम धरा म्हणून?”

पाहुण्यांनी दोराला पीळ दिला. “चिठ्ठी आहे बाई ती. चिठ्ठीशी भांडून काय मिळतं?”

“तुम्ही कुणाशी भांडलात आजवर?”

पाहुणे पुन्हा दोर वळायला लागले, आणि तेच त्यांचं उत्तर असायचं.

पाहणीची बाई आली तेव्हा आत्या आकडीनं पाडलेला पाला गोठ्यात टांगत होती. बाई वयानं तिच्या लेकीएवढी. पायात धुळीनं माखलेल्या वहाणा, खांद्याला पिशवी, पिशवीत काटा. तिनं करडं झोळीत घालून काट्याला टांगली, शेळ्यांचे जबडे उघडून आत पाहिलं, शेपट्या उचलल्या. शेळी धरायची तिला सवय दिसली. एवढ्यानंच आत्याला ती बरी वाटली असती, पण राग आधीपासून साठलेला होता.

“देत काही नाहीस, बघतेस तेवढं,” आत्या म्हणाली. “डॉक्टर नाडी बघतो तो औषध द्यायला. तू कशाला बघतेस?”

बाईनं करडू खाली सोडलं. “मलाही बरं वाटत नाही, आत्या. पण सगळ्यांना एकदम टोचलं, आणि शेळ्या वाचल्या, तर कसं कळणार त्या लसीनं वाचल्या की यंदा साथच हलकी होती? मागं एका औषधावर असाच पैसा घातला सरकारनं. वर्षानुवर्षं पाजलं. उपयोग शून्य. कुणी शेजारी ठेवून बघितलंच नव्हतं.”

आत्याला ते पटलं, हीच पंचाईत होती. दोन शेळ्यांना दोन तऱ्हेचा चारा घालून दूध कुणाचं वाढतं ते तीही बघायची. पण चाऱ्यानं शेळी मरत नाही.

“कळायला पाहिजे ते खरं,” ती म्हणाली. “पण त्यासाठी माझ्याच शेळ्या सापडल्या का तुला?”

बाई पुढच्या शेळीकडे वळली.

मग वारं फिरलं. डोंगरावरून कोरडं, बोचरं वारं उतरू लागलं, शेळ्या सकाळी अंग आकसून उभ्या राहू लागल्या, आणि बाजारातून येणाऱ्या माणसाबरोबर बातमी आली की खालच्या अंगाला साथ लागली. त्याच दिवशी आत्याच्या एका करडाचं नाक ओलं दिसलं. धूळ असेल, गारठा असेल. तिनं बोटानं पुसलं. पुन्हा ओलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं कळप सोडला आणि रोजच्या माळाकडे न जाता ओढ्याकडे वळवला. पाणी घोट्याएवढंच होतं, पण बर्फासारखं. शेळ्या पाण्यात पाय घालीनात. तिनं पहिली शेळी शिंगाला धरून ओढली, तेव्हा बाकीच्या मागून आल्या.

जावई लसीच्या डॉक्टरच्या हाताखाली लागला होता. बर्फाची पेटी वाहायची, सुया उकळायच्या, शेळ्या धरायच्या. हळूहळू टोचणंही तोच करू लागला होता. डॉक्टर झाडाखाली बसून कागद भरायचे आणि जेवायच्या वेळी गावातल्या एखाद्या चांगल्या घरी जायचे. लस पाण्यात कालवली की त्याच दिवशी संपवावी लागते, उरली तर ओतून टाकायची, हे आत्याला लेकीकडूनच कळलं होतं. लेकीनं ते सहज सांगितलं होतं, आणि आता आईला कळपासकट दारात बघून तिचा चेहरा उतरला.

“मामी, आज इकडे कुठं?” जावई म्हणाला. तो सासूला मामी म्हणायचा.

“उरते ती ओतून देता ना मातीत?” आत्या म्हणाली. “मातीला कसली साथ येते, जावईबापू?”

त्याला कळायचं ते कळलं. तो इकडे तिकडे बघू लागला.

“आई, यांचं काम अजून कच्चं आहे,” लेक हलक्या आवाजात म्हणाली. “कुणाला कळलं तर उद्या घरी बसवतील. मग सासूबाई मला काय म्हणतील ते तुला ठाऊक आहे.”

“कोण सांगणार? तू की मी?”

“तसं नाही गं. त्या पाहणीवाल्या बाईंनी सांगितलंय, तुमच्याकडची शेळी टोचायची नाही म्हणून. यांनी मान डोलावलीय त्यांच्यापुढं.”

तेव्हा आत्यानं जे केलं ते तिला स्वतःलाच नंतर आवडलं नाही. ती जावयाच्या पायाशी वाकली. सासूनं जावयासमोर वाकायचं म्हणजे त्याला धरणीनं पोटात घ्यावं असं होतं. तो झटकन मागं सरला, म्हणाला, “मामी, हे काय करता!” आणि पेटी उघडली. डॉक्टर जेवायला गेलेले. लेकीनं शेळ्या एकेक करून गुडघ्यांत धरल्या, जावयानं कातडी चिमटीत उचलून सुई घातली. कळप परत निघाला तेव्हा लेकीनं आईला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि आत्याच्या ते ध्यानातही आलं नाही. तिच्या जिवात जीव आला होता.

पण ओढ्यात सुतार उभा होता.

“काय आत्या, चारा संपला वाटतं अलीकडचा?”

“लेकीकडे गेले होते.”

“शेळ्यांसकट? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. माझी बहीण दिलीय ना त्याच गावात? पेटी त्याच गल्लीत उघडते.”

इथून पुढं सांगायला नको. आज सुतार, उद्या त्याचा भाऊबंद, परवा तिसरा. अलीकडच्या प्रत्येक घराची एक तरी लेक नाही तर बहीण पलीकडे नांदत होती, पलीकडच्या सुना इकडच्या होत्या. कुणी चार शेळ्या न्यायच्या, कुणी दहा, आणि पलीकडच्या गोठ्यात त्यांच्या शेळ्यांत मिसळून द्यायच्या. जावई नाही म्हणाला तर लोक म्हणत, “सासूचं चाललं ते आमचं का चालत नाही?” मग तो पेटी उघडायचा. खोऱ्यातल्या बाकीच्या गावांतही असंच चाललं होतं म्हणतात. ते होणारच होतं. ओढा मध्ये घातला म्हणून नातं थोडंच तुटतं?

पाहणीची बाई महिन्याच्या महिन्याला येत राहिली. “बाहेरून काही टोचलं, पाजलं?” ती विचारायची.

“आम्हाला कोण टोचणार?” आत्या म्हणायची आणि चहाला आधण ठेवायची.

पहिल्यांदा ते सोपं गेलं. नंतर जड जाऊ लागलं, कारण बाई माणूस म्हणून चांगली निघाली. एकदा ती आली तेव्हा आत्याची शेळी विण्यात अडली होती, करडाचा एकच पाय बाहेर. बाईनं पिशवी टाकली, बाह्या सारल्या, आणि दोघींनी मिळून करडू फिरवून घेतलं. हात कोपरापर्यंत भरले. करडू शिंकलं, दोघी हसल्या, आणि हात धुऊन झाल्यावर बाईनं पुन्हा तोच प्रश्न विचारला. आत्यानं पुन्हा नाही म्हटलं. बाईनं तिच्याकडे पाहून मान हलवली. शंका घेतली असती तर आत्याला बरं वाटलं असतं.

साथ आली आणि गेली. गावातल्या चार-दोन शेळ्या दगावल्या. पाण्यात उतरू न शकणाऱ्या म्हाताऱ्या, लंगड्या. बाकी सगळ्या उभ्या. लोक म्हणाले, चिठ्ठीनं नाही म्हटलं, पण देवानं हो म्हटलं. म्हणताना एकमेकांकडे बघून डोळे बारीक करायचे.

थंडी सरता सरता बाई आली ती थकलेली दिसत होती. गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राहिली.

“पुढच्या आठवड्यात साहेब येऊन निकाल सांगणार,” ती म्हणाली. “लस बंद होणार, आत्या. काही फरकच दिसत नाही. पलीकडे वाचल्या तेवढ्याच अलीकडे वाचल्या. आम्हाला वाटलं होतं लस चांगली आहे. चुकलो.”

“मग आता?”

“मग काही नाही. पैसा दुसऱ्या कामाला जाईल. एका डोंगरावरच्या वस्तीत सगळ्या गेल्या. पण ती मूठभर घरं. बेरजेत बुडतात.”

“बुडतात म्हणजे?”

“ती वस्ती तुमच्याच बाजूची ना, न टोचलेल्यांची. तुमच्या इतक्या वाचल्या की त्यांच्या मेलेल्या दिसतच नाहीत.”

बाई गेली. आत्यानं धार काढली, पाला टाकला, खराटा घेऊन गोठा झाडला, आणि झाडलेलाच गोठा पुन्हा झाडायला लागली. सकाळी शेळ्या शेजारणीच्या स्वाधीन करून ती डोंगराच्या वाटेला लागली.

चढ उभा होता. वरच्या वस्तीत तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. कुडाच्या भिंती, गवताची छपरं, आणि प्रत्येक घराला लागून एक रिकामा गोठा. खुंटे होते, खुंट्यांना दावी होती, लेंड्या वाळून भुगा झाल्या होत्या. एक बाई अंगणात बसून सरपणाच्या मोळ्या बांधत होती. चिठ्ठ्यांच्या दिवशी चढ चढून गेली होती तीच. हाताच्या भेगांत माती भरलेली.

“पाणी प्या,” ती म्हणाली. कोण, कुठली, हे तिनं नंतर विचारलं.

आत्यानं गाव सांगितलं.

“तुमच्याकडच्या वाचल्या म्हणे?”

“वाचल्या.”

“नशीब एकेकाचं.” तिनं मोळीवर गुडघा देऊन दोरी आवळली. “आमच्या आठवड्यात गेल्या. एक राहिलीय, ती आत आहे. डोळ्यांनी गेलीय, पण खाते. मोळ्या विकतो आता. खाली न्यायला अर्धा दिवस, यायला अर्धा.”

आत्याला गप्प बसवेना. “तुम्ही पलीकडे नाही गेलात? टोचून आणायला?”

बाईनं मान वर केली. तिच्या तोंडावर राग नव्हता, तिला प्रश्नच कळला नव्हता. “कुणाकडे जाणार? आमची पोर खाली कुणी सून करून घेत नाही, खालची वर कुणी देत नाही. आमचा कोण जावई बसलाय तिकडे?” ती क्षणभर थांबली. “आणि त्या पाहणीच्या ताईनं सांगितलं, यंदा थांबा, पुढच्या वर्षी तुम्हाला. थांबलो.”

आत्यानं हातातलं पाणी कसंबसं संपवलं. ओठावर आलेलं बोलणं तिथंच राहिलं. या बाईला सांगून काय होणार होतं? सांगायचं ते दुसऱ्याच ठिकाणी होतं.

संध्याकाळी तिनं पाहुण्यांना सगळं सांगितलं. ते दोर वळायचे थांबले. असं क्वचितच व्हायचं.

“तू बोललीस तर जावयाचं काम गेलं,” ते म्हणाले.

“आणि नाही बोलले तर?”

“तर खोऱ्याचं गेलं. वरच्यांना लस नाही, आपल्या नव्या करडांनाही नाही. पण खोरं काही तुझ्या दारात रडत येणार नाही. लेक येईल.” मग ते स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाले, “किंवा येणार नाही.”

“तुम्ही सांगा, काय करू?”

“मला कशाला विचारतेस? मी या गावात जन्मभर गप्प बसलो म्हणून पाहुणा राहिलो. गप्प बसलं की माणूस सुखात राहतो. घरचा मात्र होत नाही.”

आत्याला रडू आलं. हे माणूस इतकी वर्षं हे मनात घेऊन दोर वळत होतं, आणि तिला पत्ताच नव्हता.

निकालाच्या दिवशी शाळेपुढं दोन्ही गावं जमली. जावई ओट्याच्या कडेला बर्फाची पेटी खांद्याला लावून उभा होता, डॉक्टरांच्या मागं. लेक पलीकडच्या बायकांत, सासूच्या शेजारी. साहेब बोलला ते पाहणीवाल्या बाईनं सांगितलं तसंच. फरक नाही, सबब लस बंद. त्याला वाईट वाटत होतं, पण अंगावरचं एक काम उतरल्यासारखंही दिसत होतं. लोकांनी माना डोलावल्या. ज्यांच्या शेळ्या उभ्या होत्या त्यांना घाई नव्हती.

आत्या उठली तेव्हा सुतारानं ते सगळ्यांत आधी पाहिलं. तिच्या शेजारी येऊन तो दातांतल्या दातांत म्हणाला, “आत्या, झाकली मूठ सव्वा लाखाची. खाली बस.”

ती बसली नाही. गुडघा सरळ होत नसलेले पाहुणेही भिंतीला धरून उभे राहिले. हे गावानं आजवर बघितलं नव्हतं.

“साहेब, तुमची लस चांगली आहे,” आत्या म्हणाली. “अलीकडच्या शेळ्या वाचल्या त्या देवानं नाही. आम्ही पलीकडे नेऊन टोचून आणल्या. मी आधी नेल्या, मग सगळ्यांनी.”

एकदम गलका झाला. कुणी म्हणालं म्हातारीला वेड लागलं, कुणी म्हणालं हिच्या घरचं हिनं बघावं, गावाचं नाव कशाला? साहेब दोन्ही हात वर करून उभा राहिला.

“माझ्या बोलण्यावर जाऊ नका,” आत्या आवाज चढवून म्हणाली. “मी या बाईपुढं हिवाळाभर खोटं बोललेय. शेळ्यांचं रक्त काढा. रक्तात दिसतं म्हणतात. आणि डोंगरावर जाऊन बघा. त्यांनी तुमचं ऐकलं. त्यांच्याकडं काही राहिलं नाही.”

पाहणीची बाई खुर्चीवरून उठली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. साहेबानं विचारलं, “टोचलं कुणी?”

आत्याची नजर पेटीकडे गेली नाही, तिनं ती जाऊ दिली नाही. “मीच. उरलेली बाटली उचलून आणली. माझी मी टोचली.”

सुताराला हायसं वाटलं, आणि पलीकडच्या बायकांतही कुणीतरी श्वास सोडला. पण पाहणीवाली बाई ओटा उतरून तिच्यासमोर आली. तिचा आवाज हलका होता, तरी सगळ्यांना ऐकू गेला.

“आत्या, सगळ्या गावाच्या शेळ्या तुम्ही एकट्यानं टोचल्या? यातही खोटं मिसळलंत तर हे सगळं पुन्हा वाया जाईल. साहेब म्हणतील, बाई काहीही बोलते. मग मी काय दाखवू त्यांना?”

तिथं उभं राहून आत्याला वाटलं, ही पोरगी निर्दय आहे. नंतर तिला तसं वाटलं नाही. पण त्या घडीला तिला बाईचा मनापासून राग आला, कारण ती बोलली त्यात कुठं फट नव्हती. तिनं लेकीकडे पाहिलं. लेक मान हलवत होती, अगदी थोडी, लहानपणी आईनं बापाला काही सांगू नये म्हणून हलवायची तशी.

“माझ्या जावयानं,” आत्या म्हणाली. “माझ्या सांगण्यावरून. मी त्याच्या पाया पडले म्हणून. पैसा घेतला नाही त्यानं कुणाचा.”

जावयानं पेटीचा पट्टा खांद्यावरून काढला आणि पेटी ओट्यावर ठेवली. डॉक्टर त्याच्यावर ओरडायला लागले, त्यांना आपलं जेवण आठवलं असणार. लेक गर्दीतून वाट काढत निघाली. सासू तिच्या मागं काहीतरी बोलत चालली होती, आणि लेक ऐकत नव्हती, नुसती चालत होती.

“मीसुद्धा विचारायला हवं होतं,” पाहणीची बाई आत्याला म्हणाली. “लेकी कुठं दिल्यात ते. आम्ही शेळ्या मोजल्या आणि थांबलो.”

आत्याला ते ऐकूच गेलं नाही.

रक्त काढलं, बाटल्या गेल्या, आणि आत्या बोलली तसंच निघालं. टोचलेल्या कुठल्या आणि न टोचलेल्या कुठल्या हे वेगळं करून पाहिल्यावर फरक आंधळ्यालाही दिसावा असा होता. लस बंद झाली नाही. साहेबानं वरिष्ठांना सांगून पाहणीसाठी आणखी एक हिवाळा मागून घेतला. डोंगरावरच्या वस्तीला चिठ्ठीशिवाय लस, आणि सरकारी खर्चानं नव्या शेळ्याही. मागच्या वर्षी ज्यांना मिळाली नव्हती त्या गावांना कबूल केल्याप्रमाणं यंदा. पलीकडच्या मोठ्या शेळ्यांना मागचीच पुरणार होती, त्यांच्या नव्या करडांना तेवढं थांबायचं होतं; यंदा तुलना त्यांच्याशी व्हायची होती.

जावयाला काढून टाकलं. तो आता रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जातो. डॉक्टरांना कुणी काही विचारलं नाही. ते दुसऱ्या खोऱ्यात गेले. गावानं आत्याला वाळीत टाकलं नाही, पण पाणवठ्यावर ती आली की बायकांचं बोलणं थांबायचं. ते तिनं सोसलं. सुतारही हळूहळू तिच्याशी बोलू लागला. त्याच्या करडांना लस मिळाली होती ना! लेकीनं मात्र ओढा ओलांडला नाही. एकदा पाहुणे काठी टेकत टेकत, नवा वळलेला दोर घेऊन तिच्याकडे गेले. पाणी मिळालं, जेवण मिळालं. दोर तिनं परत दिला.

वारं पुन्हा फिरलं. नवा टोचणारा अलीकडच्या गावात येऊन शाळेपुढं बसू लागला, आणि आत्या माळावर जायच्या ऐवजी कळप ओढ्याकाठी चारू लागली. तिथं चारा नव्हता, शेळ्या नुसत्या झुडपं ओरबाडत उभ्या राहायच्या. लेकीकडच्या शेळ्या व्याल्या होत्या, हे कुणाकुणाकडून कळलं होतं. करडं जपायची असतात, वारं बोचरं आहे. नाक ओलं झालं एखाद्याचं तर माणूस काय करणार? ती येईल. करडं काखोटीला मारून, खाली मान घालून का होईना, येईल, म्हणेल, आई, दे टोचून. आणि आत्या ती आपल्या कळपात मिसळून टोचून देणार होती. हे चूक आहे हे तिला कुणी सांगायला नको होतं. डोंगरावरचे खुंटे तिनं डोळ्यांनी बघितले होते. तरी ती देणार होती, आणि कुणी विचारलं असतं तर पुन्हा खोटं बोलणार होती.

पाहणीची बाई आली ती ओढ्याकाठीच. कळपात फिरली, जबडे उघडून पाहिले, करडं तोलली. मग आत्याशेजारी दगडावर बसली. यंदा तिच्या प्रश्नांत एक नवा प्रश्न आला होता, आणि तो आत्याला विचारताना तिला अवघड होत होतं.

“आत्या, हे आता सगळ्यांनाच विचारते. पलीकडून कुणी शेळ्या-करडं टोचून घ्यायला आलं का तुमच्याकडे? नात्यातलं? लेक वगैरे?”

आत्या समोर बघत होती. पलीकडच्या काठावर कुणी नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “लिही. लेक आली नाही.”

बाईनं लिहिलं. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण या वेळी विचारायची गरज नव्हती.